बारावा वेढा

डोरा एकट्याने बांधता येत नाही. काळ्या लोकरीचा तो वीस मीटरचा दोर चोल्यावरून, म्हणजे लोकरीच्या घोळदार अंगरख्यावरून, कमरेला गुंडाळायचा, तर दुसरे टोक ताणून धरायला समोर कोणीतरी उभे राहावे लागते, आणि बांधणाऱ्याने स्वतःभोवती गिरक्या घेत त्या माणसाकडे सरकत जायचे असते. माझा थोरला भाऊ सिरजू याच्या कमरेला असे सतरा वेढे बसतात. त्रेचाळीस वर्षे ते टोक रेलोवहिनीने धरले. कळपाबरोबर निघालेल्या बाकीच्या बायका फार तर कुगती गावापर्यंत येऊन माघारी फिरत. वहिनी मात्र दर उन्हाळ्यात खिंड ओलांडून पलीकडच्या लाहौलच्या कुरणांत जाई आणि आश्विनात त्याच्याबरोबरच खाली उतरे.

या माघात, कांगड्यातल्या हिवाळी मुक्कामी, चार दिवसांच्या तापाने ती गेली.

ज्येष्ठात भरमौरहून कळप निघाला त्या सकाळी मी भाऊला शोधत घराच्या मागच्या बाजूला गेलो, तेव्हा डोऱ्याचे टोक एका देवदाराला बांधून तो एकटाच गिरक्या घेत होता. मला पाहून त्याने उरलेले वेढे घाईने उरकले. ते इतके सैल पडले होते की त्यांत माझा पंजा सहज गेला असता.  

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षे ओव्हरसियर होतो. सुंदरनगरला पदविकेसाठी गेलो तेव्हापासून कळपाशी माझा संबंध घरी येणाऱ्या लोकरीपुरताच उरला होता. यंदा आलो तोही आखणी करूनच: चार दिवस भाऊबरोबर चालायचे, कुगतीच्या वरच्या केलंगच्या देवळाशी त्याला निरोप द्यायचा, पाचव्या दिवशी मागे फिरायचे आणि सहाव्या दिवशी चंब्याला घरी पोहोचायचे. वय सहासष्ट आणि उजवा गुडघा कुरकुरणारा, तेव्हा खिंड चढण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्याबरोबर मोहलू होता, चुलतभावाचा मुलगा. कळप आता निम्मा त्याचा आणि निम्मा भाऊचा. पंचेचाळिशीचा, अंगाने आडवा, जिभेने तिखट. त्याची बायको शाहणो हिचे माहेर कुगतीचे; ती तिथवर येऊन, पुढे केलंगला पूजा करून परतणार होती. आम्ही चौघे, दोन कुत्रे, आणि साडेतीनशे शेळ्यामेंढ्या.

पहिल्या दिवसाची वाट हडसरपर्यंत डांबरी आहे, आणि तिच्यातले तीन किलोमीटर माझ्या देखरेखीखाली झालेले. मोहलूने ते लक्षात ठेवले होते. कळप रस्ता सोडून सारखा कडेच्या गवतात शिरू लागला तेव्हा तो शाहणोला म्हणाला, "बघ, जनावरालासुद्धा कळतं कुठला रस्ता कुणी बांधलाय." त्यावर भाऊ हसला. माघानंतर तो प्रथमच हसल्याचे मी पाहिले, म्हणून मीही रस्त्याची बाजू घेतली नाही.

वाटेत जन्मलेली कोकरे चोल्यात घालून न्यायची असतात. डोरा घट्ट असला म्हणजे त्याच्यावरचा चोल्याचा घोळ पिशवीसारखा राहतो आणि दोन कोकरे त्यात निवांत झोपतात. दुपारी दरडीच्या टप्प्यावरून जाताना भाऊच्या सैल वेढ्यांखालून एक कोकरू घसरले आणि खालच्या दगडांत पडले. आणखी दोन माणसांच्या उंचीइतके खाली पडले असते तर नदीतच गेले असते. मोहलू उतरून त्याला घेऊन आला. पुढचा पाय दुखावला होता, मोडला नव्हता. भाऊ ते कोकरू मागत राहिला. मोहलूने ते स्वतःच्या चोल्यात घातले आणि काही न बोलता पुढे चालू लागला. तिखट जिभेचा माणूस गप्प राहतो तेव्हा त्याने मनाशी काहीतरी ठरवलेले असते.

हडसरला त्याने ते मला सांगितले. खिंडीच्या अलीकडे दोन दिवस बर्फावरून चालायचे असते. तिथे जो आपला भार उचलू शकत नाही, त्याचा भार दुसऱ्यावर पडतो आणि मग दोघेही जातात. ताऊंची (भाऊला तो ताऊ म्हणे) गत अशीच राहिली, तर त्यांनी यंदा कुगतीला थांबावे. शाहणोचे वडील खोली देतील. आश्विनात परतताना घेऊन जाऊ. हे तो निष्ठुरपणे बोलत नव्हता. बोलताना तो त्या कोकराचा पाय सावकाश चोळत होता.

दुसऱ्या सकाळी शाहणो भाऊपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी धरते टोक, मोहलूचे रोज धरतेच. भाऊने मान हलवली. ती पुन्हा म्हणाली तेव्हा तो फक्त "नको, पोरी" एवढेच बोलला आणि झाडाच्या शोधात निघाला.

माझ्या सामानात लोकर तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. मला वाटले, अडचण ताणाची आहे. माणूस नको असेल, तर ताण लोखंडाने धरावा. मी काटा अक्रोडाच्या खोडाला टांगला, त्याच्या आकड्यात आधी मोहलूच्या डोऱ्याचे टोक अडकवले आणि त्याला नेहमीसारखे गुंडाळायला सांगितले. काटा सहा किलोवर स्थिर राहिला. प्रत्येक वेढ्याचे वाचन मी वहीत घेतले. मग भाऊला बोलावले. लोखंडी आकड्याविषयी त्याची तक्रार नव्हती. काटा सहाच्या खाली आला की मी "मागे झुक" म्हणायचो आणि तो निमूटपणे झुकायचा. बाराव्या वेढ्याला काटा एकदम नऊवर उडाला. गाठ सुटली म्हणून सगळे पुन्हा करावे लागले. दुसऱ्यांदाही बाराव्यालाच नऊ. मी वहीत त्या आकड्यापुढे "वाचनदोष" असे लिहिले आणि पुढे गुंडाळायला सांगितले.

वेढे सुरेख बसले. दोन कोकरे चोल्यात घेऊन भाऊ दुपारपर्यंत असा चालला की मोहलूने मला चाचा म्हणायचे सोडून इंजिनियर साहेब म्हणायला सुरुवात केली. मला ते आवडले, हे कबूल केले पाहिजे. धरोल गावाच्या अलीकडच्या उभ्या चढावर भाऊ थांबला, एक हात दगडावर टेकवला आणि खाली बसला. ओठ निळे पडले होते. श्वास वरच्या वर तुटत होता. शाहणोने धावत येऊन कोकरे काढून घेतली आणि डोरा सोडला, तेव्हा हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मोहलू म्हणाला, वय झालं. शाहणो म्हणाली, काळीज खचलंय. मी माझ्या सहा किलोंविषयी शंका घेऊन पाहिली. पण तेवढ्याच ताणात मोहलू गाणे म्हणत चढला होता. तेव्हा मीही वयावर सही केली.

तिसऱ्या दिवशी भाऊ रिकाम्या चोल्याने, सैल डोऱ्याने कुगतीपर्यंत चालला. संध्याकाळ व्हायच्या आधी शाहणोच्या माहेरच्या ओट्यावर राजमा आणि मक्याच्या भाकऱ्या खाऊन झाल्यावर मोहलूने विषय काढला. आधी त्याने त्या घराचे कौतुक केले, खोलीला ऊन येते, शेजारी बोलके आहेत, दूध घरचे आहे. भाऊ ऐकत होता.

"ताऊ, मी तुम्हाला टाकून जात नाहीये," मोहलू शेवटी म्हणाला. "ठेवून जातोय."

"कळलं."

"रागावलात?"

"रागावलो नाही. पण या ओट्यावर बसून मी बघू काय? तुम्ही गेलात ती वाट?"

 मग भाऊने स्वतःच तोडगा सांगितला. उद्या केलंगपर्यंत तो दोन कोकरे घेऊन चालेल. एकदाही बसला, तर तिथूनच शाहणोबरोबर खाली येईल आणि आश्विनापर्यंत मुकाट्याने खोलीत राहील. मोहलूने मान्य केले. भाऊने माझ्याकडे पाहिले; मी त्याच्या बाजूने बोलेन का, हे तो विचारतो आहे असे मला समजले, आणि मी नजर चुकवली. चंब्याला चांगला डॉक्टर आहे, एवढेच मी बोललो. त्याने पानात उरलेली भाकरी उचलून कुत्र्याला घातली.

अजून उजेड होता. मी छपरावर जाऊन वही उघडली. सवयीने, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून. मोहलूचे सगळे आकडे एका रांगेत होते. भाऊचेही होते, एक सोडून. चूक वाचणाऱ्याची असती, तर ती दोन्ही वेळा त्याच वेढ्याला कशी पडली असती? डोरा कमरेवरून वर चढत जातो. बाराव्या वेढ्याला तो छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या कडेवर येतो. तिथे भाऊचे अंग मागे उडाले होते. काट्याने ते दोनदा सांगितले, आणि चौतीस वर्षे मोजमापात घालवलेल्या माणसाने त्यावर "वाचनदोष" असा शेरा मारला होता.

मग बाकीचेही जुळत गेले. झाड बाराव्या वेढ्याला ढील देत नाही. म्हणून तो सगळेच वेढे सैल ठेवत होता. शाहणो ढील देणार नाही, कारण कोणीच देत नाही. डोरा आवळायचाच असतो. त्रेचाळीस वर्षांत एकच माणूस असा होता, ज्याच्यासमोर तो घट्ट डोरा बांधून वर्षाला दोनदा खिंड ओलांडत होता.

मी खाली जाऊन हे लगेच सांगायला हवे होते, असे कोणी म्हणेल. पण ज्याने एवढी वर्षे एक गोष्ट झाकली, त्याला ती वहीतून वाचून दाखवणे मला बरे वाटले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊ गावाबाहेरच्या देवदाराकडे चालला असताना मी मागून जाऊन डोऱ्याचे लोंबणारे टोक उचलले. तो वळला.

"झाड नको," मी म्हणालो. "मी उभा राहतो."

"काटा कुठाय तुझा?"

"पिशवीत."

मोहलू थोड्या अंतरावर शेळ्यांना आवाज देत होता. भाऊने तिकडे एकदा पाहिले, आणि मग पाठ फिरवून पहिले टोक बेंबीपाशी दाबून धरले. मी वीस मीटर मागे सरकलो आणि ताण घेतला. हाताला काटा नसतो. तरी काटा मी आधी हाताने ओढून पाहिला होता, म्हणून सहा किलो म्हणजे किती, ते माझ्या दंडाला ठाऊक होते. तो गिरक्या घेत येऊ लागला. मी मनात मोजत होतो. दहा. अकरा. अकरावा संपताना तो थांबला. एका श्वासाइतकेच. जवळून पाहणाऱ्यालाही वाटले असते, पायाखाली खडा आला. दोरातून मात्र ते स्पष्ट आले: तो वाट पाहत होता. हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावे. अंगाला सवय होती, आणि अंग थांबले.

मी अर्धे पाऊल पुढे झालो.

दोर किंचित लवला. बारावा वेढा आणि तेरावा त्या ढिलाईत बसले. चौदाव्याला मी पुन्हा मागे झालो. सतरावा वेढा संपवून तो माझ्यासमोर हातभर अंतरावर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"कोणी सांगितलं तुला?" तो हळू आवाजात म्हणाला.

"काट्यानं. मला जरा उशिरा समजलं."

तो टोक खोचत राहिला. मग माझ्याकडे न पाहता त्याने सांगितले. नऊ वर्षांपूर्वी पलीकडच्या हिमनदीवर तो पडला होता. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या गेल्या असाव्यात. तेव्हा मोहलूचे वडील कळप चालवत; त्यांना समजले असते, तर त्यांनी त्याला पुन्हा खिंडीवर नेले नसते. म्हणून त्याने खरचटले एवढेच सांगितले. हाडे आपल्या मर्जीने कशीतरी जुळली.

"वहिनीला सांगितलं असशील."

"तिलाही नाही."

"मग तिला कसं कळलं?"

"तुला कसं कळलं?" तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी टोक धरलं, आणि बाराव्याला पुढं आली. विचारलं नाही. मीही बोललो नाही. नऊ वर्षं." मग तो म्हणाला, "बोलायला हवं होतं रे, जग्गू. नुसतं, बरं वाटतं, एवढं तरी."

 मी त्याच्या चोल्याचा घोळ वरून सारखा केला, आणि शाहणो दोन कोकरे घेऊन आली.

केलंगची वाट पाच किलोमीटरची, पण चढ असा की मी माझ्या नोकरीत तिथे रस्त्याचा प्रस्ताव कधीच मांडला नसता. भाऊ सर्वांत पुढे होता. मोहलू मुद्दाम त्याच्या मागे राहून पाहत होता, आणि मी मोहलूच्या मागे राहून दोघांना पाहत होतो. पहिल्या पाण्याशी भाऊ थांबला, मोहलूही थांबला. भाऊ उभ्यानेच ओंजळीने पाणी प्यायला आणि पुढे निघाला. दुसऱ्या वळणावर एक कोकरू ओरडू लागले, तेव्हा त्याने घोळात बोट घालून ते चोखायला दिले. चालणे थांबले नाही. देवळाची घंटा दिसू लागली तेव्हा मोहलू पुढे झाला, भाऊच्या हातातली काठी स्वतःकडे घेतली. मग म्हणाला, "ताऊ, माझ्या सासऱ्याची खोली फुकट गेली. आता तिथं मलाच ठेवून जा." शाहणो पदराने डोळे पुसत हसत होती.

पूजा झाली. नारळाचा तुकडा हातात घेऊन मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि मला माझी आखणी आठवली. चार दिवस झाले होते. उद्या मागे फिरायचे. पण उद्या सकाळी टोक कोण धरणार? मोहलू धरेल, आणि आवळेल, कारण त्याच्यापुढे बर्फ आहे आणि त्याला ताऊ सुखरूप हवे आहेत. त्याला समजावून सांगणे सोपे होते. मी भाऊला बाजूला घेऊन तसे विचारले.

"सांगितलंस, तर तो मला इथंच बसवील," भाऊ म्हणाला. "प्रेमानं बसवील. तू जा. सहाव्या दिवशी घरी पोचायचंय ना तुला. मी बघतो झाडाचं."

"वर झाडं नाहीत, भाऊ."

"मग दगडाचं बघतो."

दगडही ढील देत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. मी शाहणोकडे गेलो आणि माझ्या पत्नीसाठी निरोप सांगू लागलो: गुडघ्याला लोकरी पट्टी बांधली आहे, औषध तीन आठवडे पुरेल, लाहौलमध्ये उतरल्यावर मनालीमार्गे बसने परत येईन, काळजीचे कारण नाही. शाहणोने सगळे ऐकून घेतले.

"एवढं कुठलं लक्षात राहतंय, चाचा," ती म्हणाली. "गेले, एवढंच सांगते. बाकी चाची स्वतःच बोलतील."

मोहलूला मी येतो असे सांगितले तेव्हा त्याने माझ्या बुटांकडे पाहिले, मग गुडघ्याकडे, आणि विचारले की वर आता कुठला रस्ता मोजायचा राहिलाय. मी म्हणालो, राहिलाय थोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोक धरले. बाराव्याला पुढे झालो, चौदाव्याला मागे. मोहलू सामान बांधत होता. त्याच्या काहीच लक्षात आले नाही. मग आम्ही देवळाच्या वरच्या चढाला लागलो. तिथे वाट अशी नसतेच, मेंढ्यांच्या खुरांनी पाडलेल्या आडव्या रेघा असतात. पहिल्या तासात मी आकडे मोजत होतो, दुसऱ्या तासात फक्त पावले. हवा कमी पडू लागली. माझ्या श्वासाचा आवाज मलाच मोठा ऐकू येत होता, आणि मी तो दाबायचा प्रयत्न करत होतो, कारण वहिनी नसल्याने पुढे तिघांच्या वाट्याची कामे दोघे करत होते आणि मी एक जास्तीचा माणूस होतो.

भाऊ बराच पुढे, कळपाच्या डोक्याशी होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. एका सपाट खडकाशी तो थांबला, पाठीवरची पिशवी काढली आणि खडकावर मिठाची मूठ पसरू लागला. सगळा कळप भोवती गोळा झाला.

मोहलू ओरडून विचारू लागला की हे काय चालले आहे. मीठ आठ दिवसांनी द्यायचे आणि कुगतीत परवाच तर दिले.

"थकल्यात मेंढ्या," भाऊ म्हणाला.

मेंढ्या थकलेल्या नव्हत्या. त्या मीठ चाटत, एकमेकींना ढकलत उड्या मारत होत्या. मी त्यांच्यामागे जाऊन एका दगडावर बसलो. माझा श्वास जागेवर येईपर्यंत भाऊ एकेक चिमूट मीठ सावकाश पसरत राहिला.